यजमानांच्या मापाचं घर

आमच्या शेजारच्या अण्णांच्या घरी गेलात तर पटकन टेकू नका. आधी विचारा, ही जागा कुणाची. घर नवं बांधलं तेव्हा मी कौतुकानं बघायला गेले आणि दारातल्या कट्ट्यावर बसले, तर अण्णा ओल्या हातांनी आतून धावत आले.

"उठा, उठा सुमनताई! तिथं नगा बसू. ती जागा पारनेरच्या आक्कांची हाय."

मी दचकून उठले. इकडंतिकडं बघितलं, आक्का काही दिसेनात. "कुठायत आक्का?"

"पारनेरला."

"मग येणार कधी?"

"येतील की! गुडघं दुखत्यात त्यांचं, म्हणून कट्टा उंच घेतलाय. तुम्ही चटईवर बसा. तुमचं गुडघं चांगलं हायत."

बसले मुकाट्यानं चटईवर.

अण्णा तुळजापूरचे पुजारी. देवीच्या दर्शनाला गावोगावची जी घराणी येतात, त्यातली काही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडं आहेत. ती त्यांची यजमान. पूर्वी रीत अशी होती, की यजमान आले की उतरायचे पुजाऱ्याच्याच घरी. तिथंच आंघोळी, तिथंच पुरणाचा नैवेद्य, तिथंच अंथरुणं. वाटणीत अण्णांना मोकळी जागा मिळाली, तेव्हा त्यांनी दुमजली सिमेंटचं घर बांधलं ते ह्या यजमानांसाठी. घरात माणसं दोनच, अण्णा आणि वैनी. मूलबाळ नव्हतं.

बांधकामात गवंडी वेडा व्हायचा राहिला एवढंच. मी ब्लाऊज शिवते, त्यामुळं टेप माझ्या गळ्यातच असते. ती अण्णा उसनी न्यायचे आणि यजमान जेवायला बसले की मागं उभं राहून त्यांची मापं घ्यायचे. माणूस घास तोंडात धरून वळून बघायचा. "चालू द्या तुमचं," म्हणायचे अण्णा. फलटणचे भाऊ ताडमाड, म्हणून त्यांच्या खोलीचं दार उंच. त्यांची आई बुटकी, म्हणून त्याच खोलीत खुंट्या कमरेएवढ्या खाली. जालन्याच्या मामींना हिरवा रंग आवडतो, म्हणून त्यांची खोली हिरवी. पण हिरवा कुठला? तर मामींच्या फुटक्या बांगडीचा! तो तुकडा कागदात गुंडाळून अण्णा रंगाच्या दुकानात गेले होते. दुकानदार अजून मला विचारतो, "तुमचे बांगडीवाले बरे आहेत का?"

गवंडी एकदा कावलाच. "अण्णा, एका घरात दारं इतक्या वेगवेगळ्या उंचीची? लोक मला हसतील."

अण्णांचं उत्तर ठरलेलं. "घर माणसाच्या मापाचं पायजे बाबा. माणूस घराच्या मापाचा करता येत न्हाय."

गच्चीच्या कडेला एक खोली आहे. तिच्या आणि बाकीच्या खोल्यांच्या मध्ये धान्याची कोठी घातलीय. ती खोली घोरणाऱ्यांची. माझ्या लेकीच्या लग्नात पाहुण्यांनी घर भरलं, तेव्हा अण्णांनी आमच्या ह्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि काही न विचारता त्या खोलीची किल्ली हातात ठेवली. हे अजून त्यांच्याशी तोडून बोलतात.

आणि अण्णांची स्वतःची जागा? जिन्याखाली. सतरंजी, उशी आणि एक तांब्या. उठताना रोज डोकं आपटतं. वैनी होत्या तोवर दोघं पुढच्या खोलीत झोपायचे, त्या गेल्यावर अण्णा जिन्याखाली आले. मी एकदा म्हटलं, "अहो, वर सगळ्या खोल्या रिकाम्या, आणि तुम्ही इथं काय मुरकुटी मारून झोपता?"

"रिकाम्या कुठं? समद्या लोकांच्या हायत."

त्यांच्यापुढं शहाणपण चालत नाही. पण खरं सांगू? ते लोक आता येतच नाहीत. म्हणजे दर्शनाला येतात. गाडीतून येतात, वाटेतून फोन करतात, पूजा करतात, अण्णांच्या पाया पडतात आणि चाललेसुद्धा. राहायचं झालं तर लॉज आहेत, तिथं गार हवा आहे. अण्णा कुणाला बोल लावत नाहीत. "लोकांना कामं असत्यात, तकलीफ कशाला द्यायची?" असं म्हणतात आणि वर जाऊन सगळ्या खोल्यांच्या खिडक्या उघडतात. संध्याकाळी बंद करतात. मला मेलीला ते बघवत नाही.

वैनी असतानाची गोष्ट. श्रीगोंद्याचं एक तरुण जोडपं मुक्कामाला होतं. मूल होत नव्हतं. ती पोर, रेवती तिचं नाव, वैनींच्या गळ्यात पडून रडली. वैनींनी तिची ओटी भरली. ती मंडळी गेली आणि अण्णांनी लगेच गवंड्याला बोलावून त्या खोलीच्या स्लॅबला पाळण्याची कडी बसवून घेतली.

मी म्हटलं, "अण्णा, अजून कशात काय नाही, आणि कडी?"

"आधी कडी लागती ताई. मग पाळणा येतो."

वैनी झाडताना काठीला फडकं बांधून ती कडीसुद्धा पुसायच्या. नंतर अण्णा पुसायला लागले.

आणि ह्या वर्षी फोन आला! रेवतीला मुलगा झाला होता, लेकराला देवीच्या पायावर घालायला येणार होते. अण्णांचे पाय जमिनीला लागेनात. लाकडी पाळणा आणला, दोऱ्या वळल्या. मला म्हणाले, "लेकराला दुपटं शिवा."

"माप काय?"

आता आला का प्रश्न! आयुष्यात पहिल्यांदा अण्णांकडं माप नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पुढं धरले, थोडे जवळ आणले, परत लांब केले. मग म्हणाले, "तुम्हीच काय ते बघा. मला लेकराचा अंदाज न्हाय." मी मान खाली घालून कापड बेतायला घेतलं.

ते आले त्या दिवशी दर्शन उरकून गाडी अण्णांच्या दारात थांबली. रेवतीचा नवरा आत बसायलाही तयार नव्हता. "काका, निघतो लगेच. सोलापूरला मुक्काम आहे, रूम बुक केलीय."

"बरं बरं," अण्णा म्हणाले. पाळण्याचं एक अक्षर काढलं नाही तोंडातून! हातात नारळ घेऊन नुसते उभे. शेवटी मीच दारातून ओरडले, "अगं रेवती, वर पाळणा बांधलाय तुझ्या लेकरासाठी! बघून तरी जा!"

रेवती वर गेली, मागोमाग अण्णा आणि मी. कडी बघितली, पाळणा बघितला, आणि तिनं लेकराला आत घातलं. अण्णांनी दोरी धरली. लेकरू प्रवासानं पेंगुळलेलंच होतं, दोन झोके मिळाले आणि डोळे मिटले.

खाली हॉर्न वाजला. मग नवराच वर आला. "उचल त्याला."

"झोपू दे," रेवती म्हणाली. "उशीर झाला तर झाला." आणि पाळण्याखाली चटईवर तीसुद्धा आडवी झाली. नवऱ्यानं जांभई दिली. अण्णांनी त्याला न विचारता घोरणाऱ्यांच्या खोलीची किल्ली दिली.

मी घरी येऊन मशीनवर बसले. अर्धा ब्लाऊज झाला नसेल, तर दारात अण्णा, तोंडावर बोट. "मशीन बंद करा, ताई. यजमान झोपलेत."

"अहो, गिऱ्हाईक संध्याकाळी येणारय माझं!"

"हात जोडतो."

केली बंद. ते परत जाऊन दारात बसले. पण आक्कांच्या कट्ट्यावर नाही हं, पायरीवर. भंगारवाल्याला त्यांनी हातानंच हाकललं, कुत्र्याला हाकललं, आमच्या ह्यांना खोकू दिलं नाही. सारी दुपार मी हातशिलाई करत त्यांच्याकडं बघत होते. माणूस नुसता बसला होता, पण चेहरा असा, की घरात लग्न आहे.

ऊन उतरल्यावर लेकरू उठलं. चहा झाला, पाया पडणं झालं, गाडी गेली. अण्णा वळणापर्यंत हात हलवत चालत गेले. मग वर जाऊन एकेक खिडकी बंद केल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं परत माझ्या दारात.

"ताई, आता चालवा मशीन."

"ब्लाऊज झाला, अण्णा. हातानंच संपवला."

ते गेले नाहीत. उंबऱ्यापाशी घुटमळत राहिले. मग म्हणाले, "तरी चालवा जरा. मोठ्यानं चालवा. लई सामसूम झालंय घर."

मी सुईखाली एक चिंधी घातली आणि मशीन चालवायला लागले. अण्णा उंबऱ्यावर टेकले. ही जागा कुणाची, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही त्यांना उठवलं नाही.