आईचं गाणं संपन्न झालं

नगराच्या सामुदायिक दिनदर्शिकेवर एकही कार्यक्रम संकेतस्थळावरच्या पानाला जोडल्याशिवाय दाखवू नये, असा निर्णय कार्यालयात एकमताने घेण्यात आला. त्यामागे सखोल विचार होता. संकेतस्थळावरची पानं कोणी उघडत नव्हतं आणि दिनदर्शिकेतल्या कार्यक्रमांना कोणी फिरकत नव्हतं. दोन्ही एकमेकांना जोडली, तर निदान ती तरी एकमेकांकडे जातील, असा साहेबांचा होरा होता.

त्यासाठी जोडणी सहायक नावाचं पद निर्माण झालं आणि ते बाळ्याच्या गळ्यात पडलं. बाळ्या पंचेचाळिशीचा, चाळिशी लावणारा, परगावी शिकणाऱ्या दोन मुलांचा बाप. पण आई त्याला अजून बाळ्याच म्हणायची, आणि तिचा फोन एकदा चुकून स्पीकरवर लागल्यापासून अख्खं कार्यालयही तेच म्हणत असे.

आई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. जन्मभर तिने लोकांना एकमेकांशी जोडून दिलं आणि स्वतः मध्ये गप्प बसली. लग्नाआधी ती गायची. लग्नानंतर दुपारी सासरे झोपलेले असत, मग बाळ्या तान्हा होता, मग नवऱ्याचं दुखणं निघालं. घरात कायम कोणीतरी झोपलेलंच होतं. सत्तरी ओलांडल्यावर एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "बाळ्या, मला एकदा खऱ्या माणसांसमोर गायचंय रे. एकच संध्याकाळ. पुन्हा काही मागणार नाही."

आईने आजवर काही मागितलेलं बाळ्याला आठवत नव्हतं. त्याने त्याच दिवशी सभागृह मिळवलं, शनिवार ठरवला आणि दिनदर्शिकेत नोंद केली. पडद्यावर उत्तर आलं: कार्यक्रमास पान जोडलेले नाही. त्याने पान तयार केलं. उत्तर आलं: पानात मजकूर नाही. त्याने लिहिलं, "शनिवारी आई गाणार आहे." उत्तर आलं: संकेतस्थळावर केवळ घडलेल्या गोष्टींची खात्रीशीर माहिती स्वीकारली जाते.

तो साहेबांकडे गेला.

"साहेब, कार्यक्रम अजून व्हायचाय. झाल्यावर वृत्तांत लिहीन की."

"झाल्यावर लिहिणार, मग जोडणार, मग तो दिनदर्शिकेवर येणार. मग लोकांना कळणार कधी?"

"मी तेच म्हणतोय."

"मग आधीच लिहून टाका ना! वृत्तांत काय, सगळे सारखेच. गेल्या वर्षीच्या बागकाम शिबिराचा उचला आणि झाडांच्या जागी गाणी घाला. अध्यक्षस्थानी मी होतोच, ते तसंच राहू द्या."

बाळ्याने झाडांच्या जागी गाणी घातली. श्रोते भारावून गेले, सभागृह तुडुंब भरलं, सूत्रसंचालन ओघवतं झालं. कोणाच्या तरी निरोप समारंभातली गर्दी त्याने फोटोसाठी घेतली आणि मंचावर आईचा ओळखपत्रावरचा चेहरा चिकटवला. शेवटी एक वाक्य त्याच्या नजरेतून सुटलं: "कार्यक्रमानंतर उपस्थितांना रोपांचे वाटप करण्यात आले." त्याने ‘जोडा’ दाबलं. या वेळी पडद्याने कुरकुर केली नाही.

दिनदर्शिकेने मात्र डोकं चालवलं. ज्याचा वृत्तांत आहे आणि फोटोही आहेत, तो कार्यक्रम झालेलाच असणार. तिने आईचं गाणं त्या दिवसाच्या तारखेनिशी ‘संपन्न’ या सदरात हलवलं आणि शनिवारची संध्याकाळ मोकळी झाल्याने सभागृह पुढच्या अर्जदारांना देऊन टाकलं. त्यांचा विषय होता, ‘नागरिक कार्यक्रमांना का येत नाहीत? एक चिंतन’.

दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी आईला जिन्यात गाठलं.

"काय गायलात हो परवा! अंगावर काटा आला."

"परवा? अहो, माझं गाणं शनिवारी आहे."

माघार घेणं काकूंच्या रक्तात नव्हतं. "बघा, किती तो विनय! मी तिसऱ्या रांगेत होते. आणि तुम्ही दिलेलं रोप गॅलरीत लावलंय हं. चांगली पालवी फुटलीय त्याला."

पानाखाली टाळ्यांच्या चित्रांची रीघ लागली होती. गल्लीतल्या दंतवैद्याने उत्तरार्धात आवाज अधिक खुलल्याचं बारकाईने नोंदवलं होतं. एका गृहस्थांनी मागच्या रांगेत पंख्याचा आवाज येत होता, अशी रीतसर तक्रार केली होती. आपण गेलो नव्हतो, असं लिहिणारा एकही मायेचा पूत नव्हता.

बाळ्या घरी आला तेव्हा आई गार पाण्याच्या माठाकडे पाहत कोमट पाणी पीत बसली होती. घसा जपायला तिने आठवडाभर गार पाणी सोडलं होतं.

"बाळ्या, मी गायले का रे?"

बाळ्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दुसऱ्या दिवशी तो साहेबांसमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, तो वृत्तांत काढू द्या. नाहीतर दुसरी तारीख द्या. आई वाट बघतेय हो."

"तोच कार्यक्रम परत? नियमात बसत नाही. आणि वृत्तांत काढला, तर एवढ्या लोकांनी हजेरी लावली त्यांना काय सांगायचं? खोटं पाडायचं का त्यांना?"

"पण साहेब, तिथे कोणी नव्हतं!"

"असं कसं? मी अध्यक्षस्थानी होतो," साहेब म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अगदी प्रामाणिक होता.

शनिवारी संध्याकाळी बाळ्याने पुढच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर तो बसला, दुसरीवर त्याची बायको. दार सताड उघडं ठेवलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आत यावंसं वाटेल. आईने डोळे मिटले. पहिला सूर थरथरला, दुसरा सावरला, आणि मग असा काही आवाज लागला की बाळ्याच्या बायकोने त्याचा हात घट्ट धरला. या बाईच्या पोटी जन्म घेऊन पंचेचाळीस वर्षांत आपण हे एकदाही ऐकलं नाही, या विचाराने बाळ्याला रडूच फुटलं.

दारात काकू आल्या. बायको लगबगीने उठली. "या ना काकू, बसा. माझी खुर्ची घ्या."

"छे गं, बसायला वेळ कुठाय! जरा हळू घ्याल का? संकेतस्थळावर वर्षातल्या आवडत्या कार्यक्रमाला मत द्यायची आज शेवटची तारीख आहे. मी तुमच्याच गाण्याबद्दल चार ओळी लिहितेय, आणि या आवाजात काही सुचेना बघा."

आईने डोळे उघडले. ती काकूंवर चिडली नाही. जुन्या सवयीने, अगदी दबक्या आवाजात तिने विचारलं, "कोणी झोपलंय का?"

मग तिने स्वतःच उठून दार लोटलं.

ते पान अजून आहे आणि वर्षातला सर्वोत्तम कार्यक्रम म्हणून गौरवलंही गेलंय. आई अजूनही शनिवारी गाते, दार लावून, दोन खुर्च्यांसमोर. तिसरी खुर्ची बाळ्याने कोपऱ्यात तयार ठेवली आहे. तुम्हाला एवढं वाईट वाटतंय, तर एखाद्या शनिवारी याल का, असं विचारणार होतो. पण पानाखालच्या टाळ्यांमध्ये तुमचंही नाव दिसलं, तेव्हा ते राहू द्या.

रोप कसं आहे तुमचं?