नियंत्रित बिघाड

चाकण एमआयडीसीतल्या 'कणखर स्प्रिंग्ज प्रायव्हेट लिमिटेड' या कंपनीच्या टेस्टिंग रूममधला लॅपटॉप रोज सकाळी १ जानेवारी २००२ या तारखेला जागा व्हायचा, आणि याबद्दल गेली सोळा वर्षं कोणाचीही लेखी तक्रार नव्हती.

कंपनी दुचाकीच्या साईड स्टँडच्या स्प्रिंगा बनवते. स्प्रिंग ताणून बघणारं एक मशीन आहे. त्या मशीनची भाषा फक्त या लॅपटॉपला कळते आणि या लॅपटॉपची भाषा फक्त धोंडीबाला. धोंडीबा सकाळी यायचा, बोर्डाचं बटण दाबायचा. लॅपटॉप इंग्रजीत तारखेबद्दल कुरकुर करायचा. मग एफ-वनचं बटण तुटून जे भोक उरलं होतं, त्यात धोंडीबा आइस्क्रीमची काडी खुपसायचा, की दिवस सुरू. भिंतीवर कोणाला काय काय येतं याचा तक्ता लावला होता. त्यात धोंडीबापुढे एकच गोळा भरलेला: 'जुना लॅपटॉप'. बाकी सगळे गोळे कोरे. लॅपटॉप गेला की धोंडीबाही गेला, हे कंपनीने असं भिंतीवरच लिहून ठेवलं होतं. त्याला रिटायर व्हायला आठ महिने उरले होते.

एका बुधवारी सकाळी लॅपटॉप उठलाच नाही. आणि दुपारी तीनला कस्टमरचं ऑडिट होतं.

म्हणून चिंचवडहून भीमराजला बोलावणं गेलं. भीमराजचं दुकान एका जिन्याखाली आहे. पाटीवर लिहिलंय, 'मेलेले लॅपटॉप उठवून मिळतील. जिवंत आणू नयेत.' वय पन्नासच्या आसपास, पोट पुढे, आणि डोळ्यांत शाळेतल्या शेवटच्या बाकावरची चमक तशीच शिल्लक. गेटवर सिक्युरिटीने त्याची पिशवी उलटी केली आणि एकेक वस्तू रजिस्टरला चढवली.

"खोडरबर एक. हे कशाला?"

"चुका पुसायला."

"कोणाच्या?"

"ते गेटवरच सांगायचं का, भाऊ?"

टेस्टिंग रूममध्ये क्वालिटी मॅनेजर दिग्विजय आणि आयटीच्या नेहा मॅडम लॅपटॉपच्या दोन बाजूंना उभे होते, आयसीयूच्या बाहेर नातेवाईक उभे राहतात तसे. भीमराजने लॅपटॉप उचलून पाहिला आणि म्हणाला, "दुकानात नेतो. दीड तासात परत."

"नेता येणार नाही," नेहा म्हणाली. "हा लॅपटॉप नाहीये."

"हा काय माझ्या हातात."

"तुमच्या हातात आहे हो. सिस्टिममध्ये नाहीये. २०१५ लाच स्क्रॅप केलाय."

"मग तेव्हापासून स्प्रिंगा कोण तपासतंय?"

"तो प्रश्न क्वालिटीचा आहे."

क्वालिटीने छताकडे पाहिलं. जी वस्तू कंपनीत नाही तिचा गेटपास निघत नाही, आणि गेटपास नसलेली वस्तू बाहेर नेली तर ती चोरी. बरं, इथेच दुरुस्त करावी म्हटलं तर कामाच्या चिठ्ठीवर वस्तूचा नंबर लागतो. शेवटी दिग्विजयला सुचलं. लॅपटॉपला नंबर नव्हता, पण त्याखालच्या टेबलाला होता. चिठ्ठी निघाली: 'टेबल क्र. ४१. चालू होत नाही.'

भीमराजने ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवली. अशा चिठ्ठ्या तो जपून ठेवतो.

"चला, टेबलाला हात लावू का?"

"थांबा. दुरुस्ती चालू असताना ऑपरेटरने पिवळ्या पट्ट्याच्या आत थांबायचं नाही. सेफ्टी रूल." दिग्विजय वळला. "धोंडीबा, बाहेर."

"सायेब, त्याच्याबद्दल एक सांगायचं हुतं..."

"ऑडिट झाल्यावर सांग."

धोंडीबा काचेबाहेर जाऊन उभा राहिला.

भीमराजने कामाला हात घातला. बॅटरी काढली, वायर उपटली, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आत अडकलेला करंट आधी निघून जाऊ द्यायचा, ही पहिली पायरी. मग तळाचं झाकण उघडून मेमरीची पट्टी बाहेर काढली. तिच्या पितळी दातांवर सोळा पावसाळ्यांचा मळ. खोडरबराने दात घासले, फुंकर मारली, पट्टी बसवली. पंख्यातून कापसाची एक गादी निघाली. वायर लावली, बटण दाबलं. लॅपटॉपने एकदा टूँक केलं आणि पडदा उजळला.

इथेच स्क्रू आवळून भीमराजने चहा मागितला असता तर गोष्ट संपली होती. पण माणसाच्या अंगी गुण असला की तो दाखवायची खाज असते. पडद्यावर १ जानेवारी २००२ दिसत होतं.

"तारीख अशीच असते?"

"ते एक राहिलंच बघा," दिग्विजय म्हणाला. "सगळ्या रिपोर्टवर हीच तारीख येते. आजवर कोणी बघितलं नाही, पण आजच्या ऑडिटर मॅडम बघतात म्हणे. तेवढं पण करून टाका ना."

तारीख सांभाळणारा रुपयाएवढा सेल भीमराजने काढला. मीटर लावला. शून्य. काचेबाहेर धोंडीबा दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली करत होता, पुन्हा पुन्हा.

"बघा," दिग्विजय ऊर भरून आल्यासारखा म्हणाला, "ट्रेनिंग किती मुरलंय. 'मशीन थांबवा'ची खूण आहे ती. सेफ्टी वीकला शिकवली होती." आणि त्याने काचेतून धोंडीबाला अंगठा दाखवला.

भीमराजने नवा सेल टाकला. जुना सेल नेहाने नियमाप्रमाणे ई-कचऱ्याच्या कुलूपबंद पेटीत सोडला. तारीख आजची केली. टेस्टिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर आलं: 'आपल्या परवान्याची मुदत ३१ डिसेंबर २००७ रोजी संपली आहे. कृपया संपर्क साधा.' खाली फोन नंबर. तो लावला. तिथे आता दातांचा दवाखाना होता आणि त्यांनी साडेपाचची वेळ दिली.

मशीन मुकं झालं होतं. भीमराजच्या टाळक्यात उजेड पडला. हा लॅपटॉप रोज सकाळी सगळं विसरायचा, म्हणूनच चालायचा. त्याला मुदत संपल्याचं कधी कळलंच नव्हतं. ते आज भीमराजने कळवलं.

"काही नाही हो," तो म्हणाला. "तारीख परत २००२ करतो. दहा सेकंदाचं काम."

दिग्विजयने त्याचा हात धरला. "भाऊ, माझी नोकरी घालवता का? तारीख मुद्दाम मागे केली तर ती फसवणूक. तारीख आपोआप मागे गेली तर तो बिघाड. बिघाडाला आमच्याकडे फॉर्म आहे. फसवणुकीला नाही."

"बरं, मग नवा सेल काढून घेतो. रिकामा ठेवू."

"म्हणजे पार्ट गायब! गायब पार्ट हा गंभीर दोष धरतात. सेल बसवलेला, पण मेलेला असेल, तर किरकोळ दोष."

"म्हणजे तुम्हाला मेलेला सेल पाहिजे."

"आत्ताच्या आत्ता."

"होता की. पेटीत टाकलात."

"पेटीची चावी भोसरीच्या एजन्सीकडे आहे," नेहा म्हणाली. "ते महिनाअखेर येतात."

दीड वाजला होता. भीमराजने दुसऱ्या नव्या सेलला चिमुकला बल्ब जोडून दिला. सेल संपवायचा तर एवढाच सभ्य मार्ग होता. बल्ब मजेत पेटला. तिघं त्याच्याभोवती बसले.

"किती वेळ लागेल मरायला?" दिग्विजयने हळूच विचारलं.

"दोन दिवस. कंपनी चांगली आहे सेलची."

आता भीमराजचं हसू मावळलं. मशीन बंद म्हणजे टेस्टिंग रूम बंद. आणि त्या भिंतीवरचा तो एकुलता एक भरलेला गोळा त्याच्या नजरेत सलायला लागला. आपण खोडरबर आणून एका माणसाचे आठ महिने पुसले की काय! तो बाहेर गेला आणि धोंडीबाशेजारी पिवळ्या पट्ट्यावरच बसला.

"मामा, घोळ झाला."

"सेल बदाललास न्हवं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आरं, मी तितं हात मोडंस्तवर खुणा करतोय! मागं बी एका शहाण्यानं नवा सेल घातला हुता. तीन दिस मशीन बंद. मग मीच जुना शोधून घातला, तवापासनं चालतंय."

"मग सांगायचं ना कोणाला!"

"सांगितलं की. सूचना पेटीत चिठ्ठी टाकली, 'सेलला हात लावू नये.' पयलं बक्षीस मिळालं. फोटू काढला, ष्टीलचा डबा दिला. चिठ्ठी तेवढी कुणी वाचली न्हाई."

"आता मेलेला सेल कुठून आणायचा, मामा?"

धोंडीबाने शेजारची पिशवी ओढली, बक्षिसाचा डबा काढला, भाकरी बाजूला सारली आणि तळाशी कागदात गुंडाळलेला एक सेल भीमराजच्या तळहातावर ठेवला.

"स्पेअर हाय. सोळा वर्सं संगं बाळगतोय. मला कुणी इचारलंच न्हाई, राव."

भीमराजने मीटर लावला. शून्य. एवढं सुंदर शून्य त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सव्वादोनला सेल बसला. धोंडीबाने काडी खुपसली. १ जानेवारी २००२, मंगळवार. मशीनने स्प्रिंग ताणली आणि पास केली. दिग्विजयने पावणेतीनपर्यंत कागद तयार केला. कागदाचं नाव 'नियंत्रित बिघाड'. उद्देश: बिघाड कायम राखणे. जबाबदार व्यक्ती: धोंडीबा.

तीनला ऑडिटर श्रद्धा मॅडम आल्या. त्यांनी रिपोर्टवरची तारीख पाहिली, चष्मा काढला, परत लावला. दिग्विजयने कागद पुढे केला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"ठीक आहे. पण हा बिघाड टिकून राहील याची खात्री कशी करता?"

दिग्विजय नेहाकडे बघायला लागला, नेहा टेबल क्र. ४१ कडे. भीमराजला बोलायचा अधिकार नव्हता. म्हणूनच तो बोलला.

"दर सहा महिन्यांनी तपासतो, मॅडम. सेलमध्ये जीव आढळला तर लगेच बदलतो."

श्रद्धा मॅडमनी चष्मा पुन्हा काढला. मग पहिल्यांदाच हसल्या आणि वहीत लिहिलं: 'अनुकरणीय पद्धत. इतर पुरवठादारांनाही कळवावे.'

कळवलं गेलं. आठवड्याभरात भीमराजला चाकण, भोसरीहून फोन सुरू झाले. एक मॅनेजर तर रडकुंडीला आला होता: "भाऊ, आमच्याकडे सगळं नीट चालतंय हो. ऑडिटला दाखवायचं काय?" जिन्याखालच्या दुकानात आता मेलेल्या सेलांची बरणी आहे, आणि प्रत्येकाला सर्टिफिकेट. एका पर्चेसवाल्याने विचारलं, वॉरंटी काय? भीमराज गंभीरपणे म्हणाला, "पुन्हा जिवंत झाला तर बदलून देऊ."

पाटीही त्याने बदलली आहे: 'मेलेले लॅपटॉप उठवून मिळतील. उठलेले तसेच ठेवून मिळतील.'

पहिल्या सहामाही तपासणीला तो कणखर स्प्रिंग्जमध्ये गेला, तेव्हा धोंडीबा काडी हातात धरून बसला होता. त्याला आता काढायची कोणाची छाती नव्हती. कागदावर त्याचं नाव होतं.

"भीमराज, दोन म्हयनं ऱ्हायले. मंग सोडतील न्हवं मला? एचआर म्हनतं, कागदात दुसरं नाव न्हाई, टेस्टिंग रूमच्या तारखेनं चालावं लागंल."

भीमराजने पडद्यावरची तारीख पाहिली, बोटं मोजली.

"मामा, या हिशोबानं तुम्ही तेहतीस वर्षांचे आहात. अजून पंचवीस वर्षं."

धोंडीबाने थोडा विचार केला. "मंग भिंतीवर आनिक येखादा गोळा भरून द्या म्हनावं. वय हाय शिकायचं."

आता तुम्ही हे वाचून हसत असाल, तर जरा खिडकीतून खाली डोकावा. तुमची दुचाकी साईड स्टँडवर उभी आहे. तिची स्प्रिंग पास झालेली आहे, रीतसर, सही-शिक्क्यानिशी, १ जानेवारी २००२, मंगळवारी, गाडी जन्माला यायच्या कितीतरी आधी. गाडी उभी आहे ना? मग खाली जाऊन हलवून बघू नका.