मांजरीच्या पायासाठी भरीत

आमच्या शेजारच्या आबांना कुणी चहा पाजला, तर तासाभरात त्या घरी वाटीभर साखर पोहोचते. ‘आपले कोना उपकार नको,’ हे त्यांचं अहिराणीतलं पालुपद. एकदा पांझरा नदीच्या पुलापासून घरापर्यंत मी त्यांना स्कूटरवर आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आबा पाइप घेऊन माझी स्कूटर धूत होते. इतकी मनापासून धुतली की ती सुरूच होईना. मी ऑफिसला रिक्षाने गेलो.

आबा कापसाच्या जिनिंग मिलमधून निवृत्त झालेले. जिजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरात एकटेच. दारात मात्र भुरी नावाची एक मांजर ठाण मांडून असायची. तिच्यासाठी रोज वेगळं दूध यायचं, तरी ती आपली नाहीच, असं आबा सांगायचे, ‘मनी नही शे ती. गल्लीनी शे.’

या गल्लीच्या मांजरीच्या मागच्या पायावरून एका मोटरसायकलीचं चाक गेलं. आबा तिला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, मी बरोबर होतो. डॉक्टर म्हणाले, ‘पायात सळई टाकावी लागेल. या दोन-चार दिवसांत झालं तर पाय वाचेल.’ खर्चाचा आकडा मोठा, आणि आबांची पेन्शन एवढीशी.

‘आबा, मी देतो.’

‘नको.’

‘बरं, उसने घ्या.’

‘उसनं बी उपकारच. फक्त उशिरा फिटस.’

दुसऱ्या दिवशी आबांनी गल्लीतली दारं वाजवायला सुरुवात केली. पहिलं दार पाटीलबाईंचं. बाई निवृत्त शिक्षिका, आणि भुरी दिसली की हातात झाडू घेणाऱ्या.

‘मागाले नही उनू, सांगाले उनू,’ आबा म्हणाले. ‘रविवारले मना घर भरीत शे. या, खा, आनि मांजरना पायले जे जमी ते द्या.’

‘त्या मांजरीसाठी? माझं किती दूध सांडलंय तिनं!’

‘म्हनीसनच पहिले तुमनाकडे उनू. तुमनंच दूध पिसन मोठी व्हयनी ती.’

बाईंनी दार लावून घेतलं.

रविवारी आबांच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटल्या आणि त्यांवर वांगी भाजायला लागली. धुराने अख्खी गल्ली खोकत होती, पण वासामुळे हलत कुणीच नव्हतं. शेजारच्या बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला आल्या. मी मुद्दाम विचारलं, ‘आबा, हा उपकार नाही का?’

‘तो भुरीवर शे. ती फेडी.’

नियम एकच. खाल्ल्याशिवाय डब्यात पैसे टाकायचे नाहीत. एका शेजाऱ्याचा उपास होता. त्याने नोट टाकली, ती आबांनी काढून त्याच्या खिशात कोंबली आणि त्याला दुसऱ्या दिवशीचं आमंत्रण दिलं. मला पित्ताचा त्रास. तरी भुरीच्या पायाकडे बघून दोनदा वाढून घेतलं. सगळ्यात शेवटी पाटीलबाई आल्या. जेवल्या, डब्यात नोटांची घडी टाकली आणि जाताना म्हणाल्या, ‘दुधाचं मी सोडून दिलं.’

डब्यातले पैसे पुरले आणि ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी ठरलं. भुरीला आत नेलं, आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने मी ऑफिसला जायला उठलो, तसा आबांनी माझा हात धरला.

‘जाऊ नको, भाऊ. बस.’

मी बसलो. ते समोरच्या बंद दाराकडे बघत होते.

‘जिजी दवाखानामा व्हती ना, तवय लोके बसाले येत व्हतात. मी सगळासले परत धाडी दिधं. एकलाच बसनू.’ मग म्हणाले, ‘चूक व्हयनी ती.’

मी ऑफिसला फोन करून रजा टाकली. ते दार उघडेपर्यंत आम्ही दोघं बाकावरच होतो. डॉक्टर हसतच बाहेर आले, तेव्हा माझा हात अजून आबांच्याच हातात होता.

पाय वाचला. भुरी जरा लंगडते, पण कुंपणावर चढते. आणि हल्ली संध्याकाळी आबा आमच्या ओट्यावर येऊन बसतात. काही काम नसतं. मी विचारतही नाही. पलीकडे सरकून जागा करून देतो.