दौलतरावांच्या गाडीचा आवाज

"दोनच बोल्ट तुटलेत ना, मामा? रविवारी जेवणाआधी बसवून देतो," असं हिरामण बोलून गेला आणि दौलतरावांनी ते खरं मानलं. दोघांचंही तिथंच चुकलं.

हिरामण अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होता. मोरिवलीत राहायचा, आणि आपल्या हाताखाली माणसं आहेत हे न विचारता सांगायचा. दौलतराव त्याचे सासरे, बदलापूरपलीकडच्या गावचे. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी पिकअप त्यांनी घेतली होती. रोज सकाळी बारवीकडच्या पाड्यांवरची भाजी नि मोळ्या भरायच्या आणि उल्हासनगरच्या कॅम्पात नेऊन विकायच्या, हा त्यांचा धंदा. पण इंजिनातला धूर ज्या बिडाच्या नळकांड्यातून बाहेर पडतो, त्या मॅनिफोल्डचे दोन बोल्ट वर्षापूर्वी तुटले होते. तेव्हापासून गाडी तोफखाना निघाल्यासारखी वाजायची. कॅम्पात लोक हसायचे. दौलतराव गाडी तिथल्याच टेकचंद मिस्त्रीकडे टाकणार होते, पण जावई फिटर असताना गाडी परक्याच्या दारात गेली असती तर हिरामणला सासरी तोंड दाखवायला जागा उरली नसती.

रविवारी सकाळी सासऱ्यांच्या अंगणात त्यानं बाह्या सरसावल्या. तुटलेले तुकडे काढायचे तर आधी शाबूत असलेले सहा बोल्ट सोडवायला हवे होते. पहिल्याला पाना लावला आणि 'कट्' झालं. डोकं हातात, बोल्ट आत. लोखंडच गंजकं आहे, असं म्हणून त्यानं दुसरा धरला. तोही गेला. अंजनी, म्हणजे त्याची बायको, ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. बारा वाजेपर्यंत दोनाचे सात झाले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "एकच ऱ्हायलाय ना? तेवढा बाबांना ठेवा."

मग हातड्रिलचं पातं मोडलं, तेही एका तुकड्याच्या आतच. हिरामण रडकुंडीला आला. सासऱ्यांना 'जरा सामान आणतो' सांगून त्यानं सायकल काढली आणि थेट कॅम्प गाठला. चारच्या सुमारास टेकचंद मिस्त्री गॅसच्या टाक्या टांग्यात घालून हजर झाला. दौलतरावांनी त्याचं नाव ऐकलं होतं, पण त्याला कधी पाहिलं नव्हतं. हे कोण, असं त्यांनी विचारताच हिरामण म्हणाला, "हा माझा हेल्पर."

टेकचंदच्या मिशा हिरामणच्या मनगटाएवढ्या होत्या. त्यानं हिरामणकडे एकदा नीट पाहिलं. "चलो साईं," तो म्हणाला, "हेल्पर तो हेल्पर."

त्यानं प्रत्येक तुकड्यावर एकेक नट वेल्डिंगनं चिकटवला, थंड होऊ दिला आणि पाना लावून सगळे तुकडे मुळे उपटावेत तसे बाहेर काढले. नवे बोल्टही बसवले. मग तो चहा प्यायला बसला. आपला हात लागलाच नाही, हे हिरामणला बोचत होतं. त्यानं वेल्डिंगची नळी उचलली आणि बोल्ट पुन्हा ढिले व्हायला नकोत म्हणून आठही डोकी मॅनिफोल्डला कायमची चिकटवून टाकली. टेकचंदनं कपाळाला हात लावला, पण हेल्पर असल्यामुळं तो काही बोलला नाही.

सोमवारी गाडी मांजरासारखी गुरगुरत गेली. दौलतरावांनी गावभर जावयाचं कौतुक केलं होतं. दोन तासांत ते परत आले. गाडी रिकामी होती.

वर्षभर पाड्यांवरचं घड्याळ म्हणजे तो आवाज होता. गाडी डोंगराच्या पायथ्याशी वाजली की बाया भारे उचलून निघायच्या आणि गाडीबरोबरच सडकेवर पोचायच्या. आज दोघींखेरीज कुणी निघालंच नाही. दौलतरावांनी भोंपू वाजवला, तर जंगलखात्याची जीप आली असं वाटून त्या दोघीही मोळ्या टाकून पळाल्या. कॅम्पातल्या दुकानदारांनी त्या दिवशी दुसऱ्याची भाजी घेतली. असे आणखी चार दिवस गेले असते तर धंदाच बसला असता.

"जावईबापू, होती तशी करून द्या," दौलतराव म्हणाले.

हिरामणनं पाना लावला. पान्यात चार फुटी पाइप घालून त्यावर लोंबकळलाही. बोल्ट हलेनात. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून काहीतरी पक्कं झालं होतं. घणानं नळकांडंच फोडतो म्हणाला, तेव्हा दौलतरावांनी त्याच्या हातातून घण काढून घेतला.

"आता गाडीला हात नाय लावायचा. आवाज तुमी बंद केलाव, तुमीच काढा."

हिरामणनं कारखान्यातून आठ दिवसांची रजा काढली. मंगळवारी सकाळी जावईबापू गाडीच्या मागच्या हौद्यात बसून, मान खाली घालून, रॉकेलचा रिकामा डबा बडवत पाड्यांवर निघाले. सडकेवर पुतळी ठाकरीण सगळ्यांच्या आधी मोळी घेऊन उभी होती. तिनं मोळी हौद्यात टाकली, हिरामणकडे कौतुकानं पाहिलं आणि दौलतरावांना म्हणाली,

"पाटील, गाडीपरीस जावयच बरा वाजतो."