नमस्काराचा अंगठा

मांडवीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या कमळाबाईंनी पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन करून घेतलं, तो दुखत होता म्हणून, असं त्या सांगत. खरं कारण त्यांच्या यजमानांना, हरिश्चंद्ररावांना ठाऊक होतं. गावात बाईंच्या पाया पडणारे उदंड, आणि वाकणाऱ्या प्रत्येकाच्या नाकासमोर यायचा तो शेजारच्या बोटावर रेललेला अंगठा नि त्याच्या मुळाशी आलेला हाडाचा गोळा. आशीर्वाद देताना बाईंचा सगळा जीव तिथेच.

"बारीकशा छेदातून हाड सरळ करू," डॉक्टर म्हणाले. "पण अंगठ्याला आत ओढणारी कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, फार ताठ आहे. तीही सैल करावी लागेल. नाहीतर ती पुन्हा ओढणार."

"करा हो," हरिश्चंद्रराव म्हणाले. "हिचं काहीतरी सैल झालेलं बघायचंय मला."

ऑपरेशन झकास झालं. अंगठा सध्या पट्टीच्या भरवशावर सरळ आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पण बघायला येणारी माणसं पडली संस्कारी. बाईंनीच केलेले संस्कार! जुना विद्यार्थी रितेश आला तो थेट पट्टीवरच हात ठेवून वाकला.

"आई गंऽऽ! मेल्या, ऊठ!"

रितेशला गहिवरून आलं. "बाई, आवाज अजून तस्साच!"

मागोमाग तुळसा. तिची सगळी पोरं बाईंच्या हाताखाली शिकलेली. तिने कपाळच टेकलं. "लय दुखताय काय ओ बाई?"

"आता दुखतंय!"

मग सून सानिकाने दारातच बंदोबस्त मांडला. "पाया पडायचं नाही हां! लांबूनच नमस्कार करा."

"पेन्शनीत निघाल्या तरी मिजास बघा," लोक पुटपुटले. बिचारी सानिका समजावत राहिली, हात लागला तर अंगठा वाकडा होईल. लोकांना ते इतकं पटलं, की पार मिरजोळ्यापर्यंत पोचलं.

पट्टी सुटली. अंगठा काय सरळ! "आता खुशाल कुणीही हात लावू दे," डॉक्टर म्हणाले. बाईंनी नखं रंगवली आणि पुतण्याच्या, प्रथमेशच्या लग्नात पहिल्या रांगेत बसल्या. चपला काढून, पाय अंमळ पुढे.

नवरानवरी आली. नवरी वाकणार, तोच प्रथमेशने तिचा दंड धरला. "अगं, काकीला लांबूनच!"

दोघांनी हात जोडले. मागची माणसंही तशीच हात जोडून पुढे सरकली.

"बरा झालाय गो आता," बाईंनी पाय आणखी पुढे सारला. "पड की पाया."

"नको काकी," नवरी समजूतदारपणे म्हणाली. "आमच्यामुळे वाकडा नको व्हायला."

हरिश्चंद्ररावांना दया आली. चष्मा पडल्याचं निमित्त करून ते खाली वाकले नि अंगठा नीट निरखून म्हणाले, "सुरेख झालाय हो."

बाईंचा हात सवयीने वर गेला.

"सुखी राहा."