परत यायचा इरादा

बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, दुपारच्या गर्दीत रिकामं टेबल मिळणं म्हणजे पूर्वपुण्याईच. तसं टेबल समोर असताना सबनीसकाका हातात नूडल्सचा गरम ट्रे घेऊन त्याच्या शेजारी उभे होते. कारण टेबलावर टिश्यूचं पाकीट होतं. सिंगापुरात पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली, हे कबूल. पण किती वेळ वाट बघायची?

"काका, बसा हो आता. कोणी येत नाही," मी म्हटलं.

"येणार आहे, वसुधा. इरादा दिसतोय."

तेवढ्यात टाय लावलेला एक तरुण पाकीट सरकवून बसायला गेला. काका ट्रेसकट त्याला आडवे गेले आणि हे टेबल टाकलेलं नाही हे त्याला इंग्रजीत समजावू लागले. तो बिचारा दुसरं टेबल शोधायला गेला. पाकिटाची मालकीण आली तोवर आमच्या नूडल्सचा लगदा झाला होता. तिनं साधे आभारही मानले नाहीत.

सबनीसकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळली आणि उतारवयात तुआसच्या एका गोदीत नोकरी धरली. माझा नवरा श्रीकांत त्याच गोदीत, म्हणून आमची ओळख. भंगारात निघालेल्या एका जहाजावर काकांना एक जाडजूड पुस्तक सापडलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन न्यायाधीशाचं चरित्र, सोबत त्याचे निकाल आणि लेख. तेव्हापासून तो माणूस यांचा कुलपुरुष झाला. घरातल्या वडीलधाऱ्यांचं घेत नाहीत तसं काका त्याचंही नाव घेत नसत. "आमचे जजसाहेब" एवढंच.

जजसाहेब तिशीतच देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टात बसले. जजसाहेब बोलायला लागले की समोरच्याला श्वास घेऊ देत नसत. (हा गुण काकांनी पुरेपूर उचलला होता.) जजसाहेबांनी समुद्राच्या कायद्यावर ढीगभर लिहिलं. त्यातला काकांचा लाडका नियम आम्हाला तोंडपाठ झाला होता. खलाशी जहाज सोडून गेले म्हणून ते बेवारशी होत नाही. परत यायचा इरादाच सोडून गेले, तरच ते टाकलेलं.

हा नियम बोटीपुरता राहिला असता तर कोणाचं काय जात होतं? पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणाची तरी लोणच्याची बरणी उरली, तर काका ती पुढच्या गणपतीपर्यंत उघडू देईनात. इमारतीखाली कोणीतरी कपाट आणून ठेवलं, तर काकांनी त्यावर 'मालक परत येणार आहे' अशी इंग्रजीत चिठ्ठी लावली. सफाईवाले कपाट नेईनात, झुरळं मात्र झाली. शेवटी चौथ्या मजल्यावरची चिनी आजी कडाडली, "अंकल, आय थ्रो ऑलरेडी लाह." कपाट तिचंच होतं, केव्हाच टाकून दिलेलं.

श्रीकांतनं संध्याकाळी चिमटा काढलाच. "काय काका, जजसाहेब चुकले वाटतं?"

"नियम नाही चुकला," काका पडेल आवाजात म्हणाले. "इरादा ओळखण्यात मी चुकलो."

आम्ही हसलो खरे, पण ते हसू फार टिकलं नाही. कारण काकांचं खरं प्रकरण कोणतं, हे आम्हाला ठाऊक होतं. मालतीकाकू मुलीच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेल्या त्या गेल्याच. ते बाळ आता शाळेत जायला लागलं. मंडळातल्या बायका काय ते बोलायच्या. काकांच्या दाराबाहेर मात्र काकूंच्या बाजारात जायच्या चपला तशाच होत्या. त्यांच्याकडे जायला जिना चढलं की आधी त्याच दिसायच्या.

मी सुट्टीत पुण्याला निघाले, तेव्हा काकूंचा फोन आला. "येताना माझ्या साड्या आण गं. आणि देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा. इथे वेगळा ब्लॉक घेतलाय मी, मुलीच्या जवळच." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "दाराशी जुन्या चपला असतील, त्या टाकून द्यायला सांग त्यांना."

हे सांगायला मी वर गेले.

काकांनी साड्या काढून दिल्या, प्रत्येकीची घडी सारखी करून. मग देव्हाऱ्यासमोर उभे राहिले. अन्नपूर्णा काकूंच्या माहेरची, लग्नात आलेली. ती मागितली म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी ती उचलून स्वच्छ रुमालात गुंडाळली. वाटीतल्या तांदळात तिच्याएवढा खळगा राहिला.

"जजसाहेबांची पोरं लहानपणीच गेली, एकामागून एक," काका एकदम म्हणाले. "दुःख झालं की ते लिहायला बसायचे. मला लिहिता येत नाही गं. मी आपला त्यांचं वाचतो."

मी साड्या पिशवीत भरत राहिले.

"मी वर्षवर्ष जहाजावर असायचो. लोक तिला काय काय बोलायचे. पण माझ्या शर्टाच्या खुंटीवर तिनं दुसरं काही कधी टांगू दिलं नाही. आता पाळी माझी आहे." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "चपलांचं काही म्हणाली का?"

"नाही," मी म्हटलं. "चपलांचं काही नाही म्हणाल्या."

काका मला सोडायला बाहेर आले. खाली वाकून त्यांनी त्या चपला रुमालानं पुसल्या आणि टोकं घराकडे करून नीट ठेवल्या.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "सावकाश जा. आणि तिला सांग, घाई नाही."