तिसरा अवतार आणि गुलाबांचा कागद

बायकोच्या वस्तूला हात लावण्यापूर्वी नवऱ्यानं दहादा विचार करावा. मी एकदाच केला, आणि तोही घाईत.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी स्पोर्ट्स कारचे आराखडे काढायचो. आमच्या गाडीच्या पहिल्या अवताराला दारंच नव्हती, टांग टाकून आत उतरायचं. दुसऱ्याला दारं आली, पण लावताना बोटं सांभाळावी लागत. (माझ्या डाव्या करंगळीला विचारा.) तिसऱ्याचा आराखडा सोमवारी सकाळी मालक पारजिटरसाहेबांपुढे ठेवायचा होता. "नाहीतर टिडमार्श, दुसरी नोकरी बघा," असं साहेब अगदी प्रेमानं म्हणाले होते.

आमच्याकडे आराखडा गाडीएवढाच मोठा काढायची पद्धत. शनिवारी घरी काढायला बसलो आणि कागद संपला. दुकानं बंद झालेली, रविवारी तर पब सोडून अख्खं गावच बंद! म्हणून मी एनिडचा, म्हणजे बायकोचा, भिंतीला लावायचा गुलाबांचा कागद काढला. तीन लांब पट्ट्या जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गाडी उतरवली. रविवारी दुपारी गुंडाळ्या कपाटात ठेवून खुशीत पबमध्ये गेलो.

परत येतो तो बैठकीच्या भिंतीवर गुलाब फुललेले!

"एनिड, अगं हा कागद..."

"पर्सी!" खळ लागलेल्या हातांनीच तिनं मला मिठी मारली. "तीन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, भिंतीला कागद लाव म्हणून. मला वाटायचं, तू ऐकतच नाहीस. आणि तू तर कुठं कापायचं त्याच्या पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्यास!"

"बरोबर होत्या का खुणा?" मी (भेकड माणूस) म्हणालो.

"छे रे! गुलाबाला गुलाब जुळेना. मग कापलं माझ्याच अंदाजानं, आणि उरलेल्या पट्ट्या चुलीत घातल्या."

गाडीचं नाक खिडकीखाली, शेपूट दारावर आणि बायकोच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी. सांगणार कसं? चहात तिसऱ्यांदा साखर घातली, तेव्हा तिनंच विचारलं, "काय झालं रे?" मग मी सगळं ओकून टाकलं.

तिनं भिंतीकडे पाहिलं. "गाढवा, आधी नाही सांगायचं?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा किटली चढवली. या खेपेला चहासाठी नाही. वाफ देऊन देऊन तिनं आपला एकेक गुलाब स्वतःच्या हातानं सोडवला. मला फार वाईट वाटलं.

रेषा पुसटल्या, पण वाचल्या. सोमवारी साहेबांपुढे तुकडे जोडले, तर गाडी मधूनच वीतभर गायब!

"आखूड झालीय," साहेब म्हणाले. मी टोपी हातात घेतली. साहेबांनी कागदाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "पण काय ऐट आहे हो! आधीची नुसती म्हैस होती. ही अक्कल कुणाची?"

"बायकोची, साहेब."

"तरीच!"

संध्याकाळी साहेब स्वतः घरी आले आणि एनिडला म्हणाले, "बाई, काय हवं ते मागा."

"नवा कागद द्या," एनिड म्हणाली, "आणि ह्याला आठवडाभर रजा. भिंतीला लावायचाय."

आठवड्यानं कोटावरची खळ झटकत कामावर गेलो. माझ्यावाचून तिथं कुणाचंच काही अडलं नव्हतं. साहेब दारातच उभे होते. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "हे काय, एकटेच आलात?"